खडकास दोष देऊन काय होणार ?

समुद्रांत एखादें जहाज फुटलें म्हणजे बंदरावर दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी म्हणतो, दैवापुढें इलाज नाहीं. कोणी म्हणतो, तांडेलाचें चुकलें. हे दोन उद्गार दिसावयास परस्परविरुद्ध दिसले तरी त्यांचा परिणाम एकच होतो. पहिल्यानें दोष आकाशावर जातो, दुसऱ्यानें तो बहुधा बुडून मेलेल्या माणसावर जातो. आणि कांठावर जे सुखरूप उभे असतात त्यांस पुढें कांहींच करावें लागत नाहीं. आज ज्या बेटांची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों तीं आपल्यापासून फार दूर आहेत. परंतु वरील दोन उद्गारांवर लोक संतुष्ट राहिले म्हणजे काय होतें, आणि ते बाजूस सारून कोणी हिशेब मागितला म्हणजे काय घडूं शकतें, हें तेथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल प्रांताचें शेवटचें टोक आहे. तेथून आणखी सुमारें २८ मैल अटलांटिक महासागरांत गेलें म्हणजे सिली नांवाचा बेटांचा पुंजका लागतो. वस्ती काय ती पांच बेटांवर, आणि माणसें सुमारें दोन हजार. बाकी सर्व ओसाड बेटुकलीं व ग्रॅनाइटचे खडक. कांहीं भरतीच्या वर राहणारे, कांहीं अगदीं पाण्याच्या पातळीखालीं दबा धरून बसलेले. अमेरिका, वेस्ट इंडीज, भूमध्य समुद्र, आणि सुवेझचा कालवा होण्यापूर्वीं हिंदुस्थान व चीन, या सर्व बाजूंचीं जहाजें इंग्लिश खाडींत शिरतांना या बेटांच्या दक्षिणेनें जात. आपल्याकडील मचवा किनारा नजरेंत ठेवून चालतो. हीं जहाजें आठवडेच्या आठवडे जमीन न पाहतां येत, आणि पहिली जमीन जी लागावयाची ती सिलीची. ती दिवसा दिसली तर ठीक. रात्रीं किंवा धुक्यांत ती हातास लागे ती जहाजाच्या तळालाच लागे.

सन १७०७ च्या ऑक्टोबरांत ॲडमिरल सर क्लाउडस्ली शॉव्हेल हा २१ जहाजांचें आरमार घेऊन जिब्राल्टरहून स्वदेशीं परत चालला होता. तुलों बंदरावरची मोहीम आटोपली होती. वाटेंत हवा सतत वाईट, आकाश झांकलेलें. आपण कोठें आहों याचा जहाजांवरील जाणत्या नाविकांनीं विचार केला, व बहुतेकांचें मत असें पडलें कीं आपण फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याच्या पश्चिमेस, निर्धोक पाण्यांत आहों. जुन्या पंचांगाप्रमाणें २२ ऑक्टोबरच्या रात्रीं 'असोसिएशन' हें खुद्द ॲडमिरलचें जहाज सिलीच्या पश्चिमेकडील गिलस्टोन नांवाच्या खडकावर आदळलें व तीन-चार मिनिटांत दिसेनासें झालें. त्यावरील सुमारें ८०० माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. 'ईगल', 'रॉम्नी' व 'फायरब्रँड' हीं आणखी तीन जहाजें त्याच रात्रीं गेलीं. 'रॉम्नी'वरचा एकच इसम जगला. एकंदर मृतांचा आंकडा १,४०० पासून २,००० पर्यंत सांगतात. ॲडमिरलचें प्रेत सेंट मेरी बेटाच्या एका लहानशा आखातांत सांपडलें. तें लंडनास नेऊन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें इतमामानें पुरण्यांत आलें. खलाशांच्या वांट्यास ॲबे येत नाहीं, हें सांगावयास नकोच.

या अनर्थावर लवकरच कथा रचल्या गेल्या. एक कथा अशी कीं, त्याच भागांतील एका खलाशानें 'आपण खडकांवर चाललों आहों' असा इशारा दिला, आणि शिस्त मोडली म्हणून ॲडमिरलनें त्यासच फांशीं दिलें. दुसरी अशी कीं, ॲडमिरल जिवंत कांठास लागला होता, पण एका बाईनें त्याच्या हातांतील पाचूच्या अंगठीसाठीं त्याचा जीव घेतला. दोहोंसही भरंवशाचा पुरावा नाहीं. तथापि पिढ्यान् पिढ्या लोकांनीं त्या आवडीनें सांगितल्या, कारण अशा कथेंत एक दुष्ट माणूस असतो व त्याच्या नांवानें बोटें मोडलीं म्हणजे ऐकणाऱ्याचें काम संपतें. खरीं कारणें शोधणें हें कंटाळवाणें काम आहे. सन १९६० मध्यें कमांडर मे या अभ्यासकानें त्या आरमारांतील उपलब्ध असलेल्या ४४ रोजनिशा एकमेकींशीं ताडून पाहिल्या. तेव्हां असें दिसून आलें कीं पूर्वपश्चिम अंतराचा, म्हणजे रेखांशाचा, हिशेब तर चुकलाच होता, पण जो अक्षांश सूर्यावरून सहज काढतां येतो म्हणतात त्यांतही जहाजाजहाजांत बराच फरक होता. अनर्थानंतर आरमाराचीं होकायंत्रें तपासलीं तेव्हां त्यांतील बहुतेक निकामी निघालीं. त्या काळच्या कित्येक नकाशांत तर सिली बेटें तीं जेथें आहेत त्याच्या कित्येक मैल उत्तरेस काढलेलीं असत ! नकाशा खोटा, होकायंत्र बिघडलेलें, गणित अंदाजाचें, आणि वर ढग. इतकें सगळें एका रात्रीं जमून आल्यावर ॲडमिरल शहाणा होता कीं गर्विष्ठ होता, या वादांत काय अर्थ आहे?

या प्रकरणांत आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सात वर्षांनीं, म्हणजे १७१४ च्या मे महिन्यांत, लंडनचे व्यापारी, व्यापारी जहाजांचे कप्तान व आरमारी कप्तान यांनीं मिळून पार्लमेंटास अर्ज केला. समुद्रावर रेखांश निश्चित काढण्याचा उपाय नसल्यामुळें जहाजें व माणसें नाश पावतात, सबब असा उपाय शोधणारास सरकारानें भरघोस बक्षीस लावावें, असें त्यांचें मागणें होतें. पार्लमेंटाच्या कमिटीपुढें वृद्ध सर आयझॅक न्यूटन याची साक्ष झाली व त्याच वर्षीं कायदा मंजूर झाला. अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश देणाऱ्या उपायास २०,००० पौंड, आणि त्याहून कमी अचूक उपायांस उतरत्या रकमा, असें ठरलें. पृथ्वी एका तासांत पंधरा अंश फिरते. तेव्हां घरच्या बंदराची वेळ बरोबर दाखविणारें घड्याळ जहाजावर असेल तर तेथील माध्यान्हाशीं तें ताडून आपण किती अंश दूर आलों तें कळतें. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंशाची चूक. सिलीच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारें ४४ मैल, अर्थात् बेटें व मुख्य भूमि यांमधल्या सबंध समुद्रापेक्षां अधिक !

हें घड्याळ कोणी केलें ? विद्यापीठांतील पंडितानें नव्हे. जॉन हॅरिसन या सुतारानें, सुताराच्या मुलानें. १७३५ सालीं त्याचें पहिलें यंत्र पुरें झालें, १७५९ मध्यें तळहाताएवढें चौथें. जमेकास जातांना ८१ दिवसांच्या अवधींत हें चौथें घड्याळ अवघें पांचएक सेकंद चुकलें. तरीसुद्धां बक्षीसमंडळांतील ज्योतिषी मंडळींचें समाधान होईना. त्यांचा भरंवसा चंद्राच्या गणितावर. सुताराच्या पितळी चक्रांवर आकाशाचें काम सोंपवावयाचें हें त्यांच्या मनास कसेंसेंच वाटे. पुन्हां परीक्षा, पुन्हां अटी. शेवटीं राजा तिसरा जॉर्ज याचा पाठिंबा मिळून १७७३ मध्यें पार्लमेंटानें हॅरिसनला राहिलेल्या रकमेपैकीं ८,७५० पौंड देवविले, तेव्हां तो ऐंशी वर्षांचा झाला होता. तीन वर्षांनीं वारला. हातानें काम करणाऱ्याच्या बुद्धीवर शाईनें काम करणाऱ्याचा विश्वास नसणें हा रोग केवळ आमच्याच वर्णव्यवस्थेचा आहे असें मानण्याचें कारण नाहीं. मात्र तेथें त्यास कित्येक वर्षें झगडतां आलें, आणि अखेर दाद मिळाली. आमच्या सुतारालोहारांच्या किती घड्याळांची अशी परीक्षा तरी झाली असती, याचें उत्तर वाचकांनींच मनाशीं द्यावें.

उपाय सांपडला म्हणजे तो सर्वांस मिळाला, असें होत नाहीं. तें घड्याळ त्या काळीं फार महाग. सामान्य जहाजावर तें नसे. हॅरिसनला शेवटची रक्कम मिळून अकरा वर्षें होतात न होतात तोंच मुंबईशीं थेट संबंध असलेला एक अनर्थ याच खडकांवर घडला. ईस्ट इंडिया कंपनीचें 'नॅन्सी' नांवाचें टपालाचें जहाज १७८३ मध्यें मुंबईहून विलायतेस निघालें होतें. सालबाईचा तह होऊन तेव्हां फार काळ लोटला नव्हता. केपला वळसा घालून, अर्धें जग ओलांडून, तें १७८४ च्या फेब्रुवारींत सिलीपाशीं पोंचलें आणि वादळांत पश्चिमेकडील खडकांवर फुटलें. लंडनच्या रंगभूमीवरील नामांकित गायिका ॲन कारगिल ही त्यावर होती, तीही गेली. तिच्या दागदागिन्यांच्या व द्रव्याच्या कथा आजवर चालत आल्या आहेत. मुंबईच्या धक्क्यावरून त्याच जहाजांत चढलेल्या इतरांबद्दल मात्र कथा सांगणारे कांहीं सांगत नाहींत.

त्याच सुमारास हिंदुस्थानांत नांव मिळविलेल्या एका गृहस्थानें या पाण्याचा शास्त्रीय विचार केला. मेजर जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेयर जनरल; हिंदुस्थानचा नकाशा करणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. नोकरी संपवून तो जहाजानें परत गेला, आणि १७९३ मध्यें त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध ठेवला. त्यांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, पश्चिमेचे वारे पुष्कळ दिवस वाहिले म्हणजे बिस्केच्या उपसागरांत पाणी सांठतें व तें इंग्लिश खाडीच्या तोंडावरून उत्तरेकडे वाहूं लागतें. जहाज सरळ पूर्वेस चाललें आहे असें कप्तानास वाटत असतां तें नकळत सिलीकडे ढकललें जातें. याकरितां जहाजांनीं आधींच अधिक दक्षिणेस राहावें. हा प्रवाह नेहमीं तितकाच जोरदार असतो असें पुढच्या शोधांत ठरलें नाहीं. पण जहाजें एकाच ठिकाणीं वारंवार कां फुटतात असा प्रश्न दैवास न विचारतां पाण्यास विचारावा, ही दृष्टि त्यानें दिली, आणि त्या प्रवाहास आजही रेनेलचेंच नांव आहे.

बेटकऱ्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण त्यांच्यावर लुटारूपणाचा आरोप शेंकडों वर्षें होत आला. फुटक्या जहाजाचा माल त्यांनीं नेला हें खरें. १९९७ मध्यें 'सीटा' नांवाचें मालवाहू जहाज सेंट मेरीवर चढलें तेव्हांही टायर, कपडे, दरवाजे असा माल गोळा करण्यास बेटें लोटलीं होतीं. पण बुडत्यांना काढण्यासाठीं वल्ह्यांच्या अरुंद होड्या घेऊन वादळांत जाणारेही हेच लोक, आणि त्यांत त्यांचेही बळी पडले. मोहांत पाडणारा कायदाच होता, हें टीकाकार विसरतात. इंग्लंडांत १२७५ च्या कायद्याप्रमाणें जहाजांतून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलें तर तें जहाज बेवारशी समजत नसत व मालकास माल परत मागतां येई. कोणीच सुटलें नाहीं तर माल राजाचा किंवा त्या किनाऱ्याच्या जहागीरदाराचा. म्हणजे माल हवा असेल तर कोणी जिवंत न सांपडणें फायद्याचें ! मालकाचा हक्क जिवंत प्राण्यावर अवलंबून नाहीं, असा निर्णय लॉर्ड मॅन्सफील्ड यानें दिला तो १७७१ मध्यें. कोंकणांतही फुटक्या जहाजाच्या मालावर किनाऱ्याचा हक्क मानण्याची जुनी चाल होती. १६७४ सालीं रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें असा माल परत मिळावा असें कलम तहांत घालावयास सांगितलें, तेव्हां शिवाजी महाराजांकडून प्रथम हरकत घेण्यांत आली ती याच चालीच्या आधारें. माणसांची काळजी घेण्याचें मात्र त्यांनीं कबूल केलें होतें. माल आणि माणूस यांचा असा निराळा विचार करणें हें त्या काळच्या कोणत्याही राज्यास भूषणावह होतें.

दिव्यांची हकीकतही अशीच धडपडीची आहे. सेंट ॲग्नेस बेटावर १६८० पासून कोळशाची आगटी पेटवून दीपगृह चालविलेलें होतें, पण तें बेटांच्या आंतल्या बाजूस. बाहेरच्या खडकांपासून दूर. अगदीं पश्चिमेच्या बिशप खडकावर १८४७ मध्यें लोखंडी खांबांचा मनोरा उभारण्यास आरंभ झाला. लाटा खांबांमधून निघून जातील अशी योजना. दिवा बसविण्यापूर्वींच १८५० च्या फेब्रुवारींतील एका वादळानें तो समूळ नेला. मग ग्रॅनाइटचा मनोरा बांधला. त्यांतला दिवा १८५८ मध्यें लागला, आणि तोही लाटांनीं हादरूं लागल्यामुळें १८८० नंतर त्याभोंवतीं दुसरा दगडी वेढा चढवून तो उंच करावा लागला. १९९२ पासून तेथें दिवेकरी राहत नाहींत. दिवा यंत्रानें लागतो.

परंतु दिवा लागला म्हणून संकट टळलें, असें समजणाऱ्यांस १८७५ नें उत्तर दिलें. त्या वर्षीं ७ मे रोजीं न्यूयॉर्कहून हँबुर्गकडे जाणारी 'शिलर' ही जर्मन आगबोट दाट धुक्यांत बिशपच्या दिव्याजवळच रेटारियरच्या खडकांवर चढली. ३३५ माणसें गेलीं, ३७ वांचलीं, स्त्रियांपैकीं एकच. संकटाच्या तोफा कांठावर ऐकूं गेल्या होत्या ! पण सिलीजवळून सुखरूप पार पडणाऱ्या बोटींनींही तोफ उडवून तशी वर्दी देण्याचा प्रघात होता; तेव्हां आवाज ऐकणारांनीं तो कुशलाचाच समजला. आनंदाची आणि आकांताची खूण एकच ठेवली कीं काय होतें, याहून अधिक दुःखद उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. समुद्राचा किंवा खडकाचा येथें कांहीं दोष नव्हता. चार माणसांनीं बसून दोन निरनिराळ्या खुणा ठरविल्या असत्या तर पुष्कळ जीव वांचते.

आतां अगदीं अलीकडील युगाकडे या. १८ मार्च १९६७ ची सकाळ, स्वच्छ उजेड. सिली व कॉर्नवॉल यांच्यामध्यें 'सात दगड' अशा अर्थाच्या नांवाचा खडकांचा पट्टा आहे. तेथें १८४१ पासून दिव्याचें जहाज नांगरून ठेवलेलें. त्या पट्ट्यावर 'टॉरी कॅन्यन' ही ९७४ फूट लांबीची तेलवाहू बोट सुमारें १,१९,००० टन कच्च्या तेलासह चढली. रडार होतें, नकाशा खरा होता, होकायंत्र उत्तम होतें. कमी होता तो वेळ. मिलफर्ड हेव्हन बंदरांत त्याच दिवसाची भरती साधली नाहीं तर पुढें कित्येक दिवस थांबावें लागलें असतें; म्हणून कप्तानानें सिलीच्या पश्चिमेचा लांबचा मार्ग सोडून पूर्वेची अरुंद वाट घेतली. तेल इंग्लंड व फ्रान्सच्या किनाऱ्यांवर पसरलें, पांखरें मेलीं, तें धुण्यासाठीं टाकलेल्या रसायनांनीं आणखी जीवसृष्टि मेली, आणि अखेर ब्रिटिश विमानांनीं त्या बोटीवर बाँब टाकले. बोट लायबेरियाच्या निशाणाखालीं होती. लायबेरियाच्या चौकशीनें दोष एकट्या कप्तानावर ठेवला व त्याचा परवाना गेला. एका तासाच्या उशिरास कोण किती पैसे मोजतो, आणि तो हिशेब कप्तानाच्या डोक्यावर कोण ठेवतो, हा प्रश्न मात्र मोठ्या राष्ट्रांस टाळतां आला नाहीं. १९६९ मध्यें ब्रुसेल्स येथें तेल सांडल्यास जहाजाच्या मालकावर भरपाईची जबाबदारी ठेवणारा करार झाला, आणि १९७३ मध्यें जहाजांपासून होणारें समुद्राचें प्रदूषण आंवरण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वर उल्लेखिलेल्या 'सीटा'वर तर पाळीवरचा अधिकारी झोंपला होता, आणि त्यास जागें ठेवणारी घंटा बंद होती. झोंप कां आली, हें विचारण्याऐवजीं झोंपला म्हणून बोटें दाखविणें सोपें. पण थोड्या माणसांवर पुष्कळ पाळ्या लादणें हा खर्चाच्या वहींतला निर्णय असतो, डोळ्यांचा नव्हे.

तीनशें वर्षांच्या या हकीकतींत आम्हांस वारंवार दिसतो तो लंडनच्या व्यापाऱ्यांचा १७१४ चा अर्ज. त्यांनीं ॲडमिरलची निंदा केली नाहीं; साधन मागितलें, त्यासाठीं पैसा मागितला, आणि परीक्षेची रीत ठरवून मागितली. आमच्या किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अमावास्येचा दिवस, गर्दी, पाऊस, लाट, एका अंगास धांवलेले लोक, हें सर्व कोंकणांतल्या घराघरांतून आजही सांगतात. तें सांगतां सांगतां पुन्हां तेच दोन उद्गार निघतात : नशीब, आणि तांडेल.

मुंबई व कोंकणच्या बंदरांवर ज्यांचा माल चढतो व ज्यांचीं माणसें लाँचांतून जातात, अशा व्यापारी मंडळ्यांस आमची सूचना आहे. प्रवासी होडी, लाँच किंवा मालवाहू जहाज यांच्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठराविक मुदतींत, मराठींत छापून, त्या त्या धक्क्यावर कोणासही वाचावयास मिळावा. त्यांत तांडेलाचें नांव येतें तसेंच भार किती ठरला होता, तो कोणी ठरविला, जीवरक्षक जाकिटें किती होतीं व तीं शेवटचीं केव्हां मोजलीं, आणि त्या फेरीची घाई कोणास होती, हेंही लिहिलेलें असावें. असा अर्ज सह्या करून बंदरखात्याकडे पाठविण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाहीं. पावसाळ्यांत बंद राहणाऱ्या मांडव्याच्या लाँचा पुन्हां सुरू होण्यापूर्वीं तो जावा.